फाळक्यावरचं पान

लष्करातल्या माणसाच्या बायकोला नवऱ्याचा पत्ता म्हणून एक आकडा मिळतो. ‘५६ एपीओ’ नाहीतर ‘९९ एपीओ’. आधी त्याचा नंबर, मग हुद्दा, नाव, युनिट आणि शेवटी हा आकडा. पत्र बरोबर पोचतं. पण माणूस बर्फात आहे की वाळवंटात, हे काही त्या पत्त्यावरून कळत नाही. सुरक्षेसाठी ते तसंच असायला हवं, त्याबद्दल तक्रार नाही. आमच्या सातारा-कोल्हापूरकडे तर अपशिंगे मिलिटरी, सैनिक टाकळी अशी गावांची नावंच लष्कराला चिकटलेली. या भागातल्या कितीतरी बायकांनी हा आकडा लिहीत, नाहीतर दुसऱ्याकडून लिहून घेत, उमेदीची वर्षं काढली.

माझ्या सासूबाई त्यांतल्याच एक. आमच्याकडे सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणतात. मामा १९६५ मध्ये सेना सेवा कोअरमध्ये, म्हणजे एएससीत, ड्रायव्हर म्हणून भरती झाले आणि १९८५ मध्ये हवालदार म्हणून पेन्शनीत आले. रेशन, पेट्रोल, रॉकेल, गरम कपडे असं सगळं पलटणींपर्यंत पोचवायचं काम या कोअरचं. ‘सेवा अस्माकं धर्मः’ हे त्यांचं ब्रीद. मामा घरी फार बोलत नसत. ‘गाडी चालवायचो’ एवढंच त्यांचं उत्तर. वीस वर्षांत कुठं-कुठं चालवली, हे आत्यांनी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही.

ही गोष्ट त्यांच्या गाडीची आहे. म्हटलं तर आत्यांचीही आहे.

लिलावातली वन टन

१९९० मध्ये मामांनी पुण्याकडच्या एका डेपोतल्या लिलावात लष्कराची जुनी ‘वन टन’ घेतली. ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जीपपेक्षा मोठी, ट्रकपेक्षा लहान, पुढे नाकासारखं लांब बॉनेट, मागे उघडा हौदा आणि त्यावर कमानी टाकून ताडपत्री. साधारण टनभर माल नेणारी म्हणून नाव वन टन. मूळ बनावट जपानच्या निस्सानची, पण आपल्याकडे ती परवान्याखाली जबलपूरला तयार व्हायची. त्याच जबलपूरने लष्कराला शक्तिमान ट्रक दिला आणि जोंगाही. जोंगा हे नावसुद्धा ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’ या इंग्रजी नावाच्या अक्षरांतून तयार झालेलं आहे. वन टन आणि जोंगा या दोघींचं काळीज एकच: सहा सिलिंडरचं, जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल इंजिन. ताकद भरपूर आणि तहानही भरपूर! आमची गाडी लिटरला चार-पाच किलोमीटरच्या वर कधी गेली नाही.

तरी मामांनी ती पंचवीसेक वर्षं वापरली. उसाचं बेणं, खताची पोती, दुधाचे कॅन, लग्नाचं रुखवत, सगळं त्या हौद्यातून गेलं. अडलेल्या किती बायकांना मामांनी रात्री-अपरात्री तालुक्याच्या दवाखान्यात पोचवलं, याची मोजदादच नाही. आमच्या आळीत आज तिशीत असलेली दोन पोरं ‘आम्ही गाडीतच जन्मलो’ असं हसून सांगतात.

पुढे मामांना दिसायचं कमी झालं आणि गाडी गोठ्यामागच्या पत्र्याखाली गेली. २०२० च्या पावसाळ्यात मामा गेले. वर्ष झालं आणि धाकट्या भावजींनी विषय काढला. भंगारवाला सत्तर हजार द्यायला तयार होता. भावजींच्या बोअरला पाणी लागलं नव्हतं, दुसरी बोअर घ्यायची होती. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. माझे यजमानही ‘ठेवून काय करायचं’ म्हणाले.

आत्या काहीच बोलल्या नाहीत. पण त्या रात्री जेवल्याही नाहीत.

मी गावात शिवणकाम करते. दोन मशिनी आहेत, एक मुलगी हाताखाली आहे. भिशीचे आणि लग्नसराईचे पैसे बाजूला होते. त्यातून भावजींचा पस्तीस हजारांचा वाटा मी त्यांच्या हातात ठेवला आणि म्हटलं, ‘‘गाडी राहू दे.’’ घरात दोन दिवस कोणी माझ्याशी धड बोललं नाही. बाईमाणसाने गाडीत, तीही बंद पडलेल्या गाडीत, पैसे घालायचे म्हणजे काय! पण पैसे माझे होते आणि आत्या दुसऱ्या दिवशी जेवल्या होत्या.

जाम झालेलं इंजिन

आमचे मिस्त्री साठीचे. मामांच्या हाताखाली त्यांनी पहिल्यांदा पाना धरला. गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, ‘‘वैनी, इंजिन जाम हाय. पण फुटल्यालं न्हाई. टाईम लागंल.’’

सगळे स्पार्क प्लग काढून त्यांनी सहाही सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइलचं मिश्रण ओतलं आणि नऊ दिवस गाडीला हात लावला नाही. रोज सकाळी आत्या विचारायच्या, ‘‘भिजलं का?’’ जणू कडधान्यच घातलंय! दहाव्या दिवशी पुढून हँडल घातलं. आधी तसूभर हललं, मग दोन बोटं, आणि दुपारपर्यंत पूर्ण फेरा. मग हेड उतरवलं, व्हॉल्व्ह घासले, रिंगा बदलल्या. हेडची गॅस्केट इकडे कुठंच मिळाली नाही, ती दिल्लीच्या एका जुन्या मालाच्या दुकानातून पार्सलने मागवली. ब्रेकचे व्हील सिलिंडर गंजून बसले होते. ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर देऊन त्यात नवे स्लीव्ह बसवून आणले. वायरिंग उंदरांनी खाल्लं होतं. पेट्रोलच्या टाकीत मिस्त्रींनी मूठभर खडे टाकले आणि माझ्या लेकीला ती अर्धा तास हलवायला लावली. आत सुटलेला गंज बाहेर आला तो बादलीभर!

बऱ्याच जणांनी सल्ला दिला, ‘डिझेल इंजिन टाका, परवडंल.’ जुन्या जोंगा-वन टनला लोक ते करतातही. पण माझी लेक कराडला डिप्लोमा करते, तिने नियम वाचून आणला. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या जुन्या खासगी गाड्यांसाठी ‘विंटेज’ नोंदणीची सोय केली. त्यात गाडी मूळ रूपात हवी, इंजिन, चासी, बॉडी यांत मोठा बदल नको, अशी अट आहे. आमची गाडी अजून त्या वयाला पोचलेली नाही. पण पुढे कधी ती वेळ आली तर दार बंद नको, म्हणून जुनंच इंजिन ठेवलं.

हूड मी शिवलं. जुनं हूड उसवून त्यावरून माप घेतलं, कोल्हापूरहून जाड कॅनव्हास आणला आणि मशीनला जाड सुई लावली. तरी कोपरे हातानेच दाभणाने घालावे लागले. ब्लाउजच्या कटोरीपेक्षा हुडाचा कोपरा सोपा, एवढं मात्र मी छातीठोकपणे सांगू शकते.

रंगाखाली काय होतं

रंगकामाआधी सगळा पत्रा घासायचा होता. मागचा फाळका लेकीच्या वाट्याला आला. पाणी आणि पॉलिश पेपर घेऊन ती बसली. वरचा थर करडा-निळसर, तो मामांनी १९९० मध्ये दिलेला. त्याखाली घाईने फासलेला काळा रंग. आणि त्याखाली, डाव्या अंगाला, वीतभर चौकोनात तीन आडव्या पट्ट्या: लाल, पांढरी, लाल. मध्ये कसलं तरी पान. अर्धं गंजाने खाल्लेलं, पण हाताच्या पंजासारखी पसरलेली टोकं स्पष्ट दिसत होती.

पुढच्या बंपरवर आणखी एक गंमत निघाली. एक बाण, टोक वर केलेला, आणि पुढे ७७ आकडा. बाकीचं पुसलं होतं. लष्कराच्या गाडीच्या नंबरात सुरुवातीला असा बाण असतो. सरकारी मालावर बाणाची खूण करायची ही पद्धत इंग्रजांच्या काळापासूनची. बाणापुढचे दोन आकडे म्हणजे गाडी लष्करात दाखल झाली ते वर्ष. म्हणजे आमची गाडी १९७७ ची. मामांना पेन्शन मिळण्याआधी आठ वर्षं ती लष्करात होती.

पान मात्र कळेना. लेक म्हणाली, ‘‘कॅनडाच्या झेंड्यावर असतं तसं दिसतंय.’’ मिस्त्री म्हणाले, ‘‘पपईचं आसंल.’’ तेवढ्यात आत्या काठी टेकत आल्या. फाळक्यासमोर उभ्या राहिल्या, वाकून बघितलं आणि काही न बोलता आत गेल्या. पंधरा मिनिटांनी बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात मामांच्या ट्रंकेतला एक कापडी तुकडा होता. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, एका कडेला कसरीने खाल्लेला. लाल, पांढरी, लाल पट्टी. मध्ये तेच पान.

‘‘चवऱ्यात्तर साली सुट्टीला आल्ते. शर्टाच्या बाहीचं निघालं व्हतं. मीच शिवलं. पान कसलं ते न्हाई इचारलं.’’

मी तुकडा उलटा करून पाहिला. कडेला निळ्या दोऱ्याचे टाके अजून होते. एकसारखे, बारीक, घट्ट. पन्नास वर्षांपूर्वीची ती शिलाई पाहून मला माझ्याच सासूची नव्याने ओळख झाली.

टोपीवरचं आणि बाहीवरचं

शेजारच्या गावात एक निवृत्त सुभेदार आहेत. लेकीने फोटो नेऊन दाखवला, तर ते स्वतःच गाडी बघायला आले. ‘‘चिनार आहे हा,’’ म्हणाले. ‘‘पंधरावी कोअर. श्रीनगर.’’

मग त्यांनी आम्हा सगळ्यांना अंगणात बसवून लष्करी चिन्हांचा वर्गच घेतला. तो तुम्हालाही सांगण्यासारखा आहे. कारण आपण सैनिकाच्या गणवेशावर चिन्हं बघतो आणि सगळी एकाच प्रकारची समजतो. ती तशी नसतात.

टोपीवरचं चिन्ह रेजिमेंटचं किंवा कोअरचं. माणूस भरती होतो तिथलं, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते शेवटपर्यंत राहतं. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या चिन्हात बिगुल आहे. पूर्वी लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई मुख्य फौजेच्या पुढे विखरून लढायचे, त्यांना हुकूम ढोलावर नाही तर बिगुलावर मिळायचे, म्हणून त्यांची ही खूण. १८४० मध्ये बलुचिस्तानातल्या काहानचा किल्ला ज्या मुंबई पलटणीने महिनोन्महिने लढवला, तिला पुढच्या वर्षी ‘लाइट इन्फन्ट्री’ हा मान मिळाला. तीच पुढे ‘काळी पाचवी’ म्हणून ओळखली गेली. महार रेजिमेंट १९४१ मध्ये बेळगावला उभी राहिली. तिच्या पहिल्या चिन्हात भीमा कोरेगावचा विजयस्तंभ होता. आजच्या चिन्हात एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या दोन मशीनगन आणि खंजीर आहे, कारण स्वातंत्र्याच्या सुमाराला ती मशीनगनची रेजिमेंट झाली होती.

बाहीवरचं चिन्ह वेगळं. ते ‘फॉर्मेशन’चं, म्हणजे माणूस सध्या ज्या डिव्हिजन, कोअर किंवा कमांडच्या हुकमाखाली आहे तिचं. बदली झाली की ते उतरवायचं आणि नव्या ठिकाणचं लावायचं. सुभेदार म्हणाले, ‘‘टोपीवरचं म्हणजे घराणं. बाहीवरचं म्हणजे सध्या राहता तो वाडा.’’ तेच चिन्ह गाडीवरही रंगवतात, म्हणजे ताफ्यात आपली गाडी लांबून ओळखू येते.

ही पद्धत पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात रुळली. गाडीवर डिव्हिजनचा आकडा लिहिला तर शत्रूलाही तो वाचता येतो. चित्र काढलं तर आपल्याला कळतं आणि परक्याला चटकन कळत नाही. शिवाय आपल्या सैन्यात दहा भाषांची माणसं. चित्र वाचायला भाषा लागत नाही. निवडणुकीतलं चिन्ह जसं कोणालाही ओळखता येतं, तसंच हे.

चित्रं तरी किती तऱ्हेची! दुसऱ्या महायुद्धात चौथ्या डिव्हिजनचा लाल गरुड होता, पाचव्या डिव्हिजनचा काळ्यावर लाल गोळा. आठव्या डिव्हिजनची पिवळी क्लोव्हरची पानं, आपल्या लसूणघासाच्या जवळची जात. ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनिओ नदीपाशी ज्यांनी जखमी साथीदारांना पाठीवरून आणलं आणि मग एकट्याने शत्रूची मशीनगनची ठाणी बंद पाडली, ते नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव याच डिव्हिजनमध्ये होते. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आणि सतराव्या डिव्हिजनचं चिन्ह? चक्क काळं मांजर! आपण आडवं गेलं तर चार पावलं मागे येतो, आणि ती माणसं ते बाहीवर लावून ब्रह्मदेशात लढली.

पट्ट्यांनाही अर्थ असतो. लाल, पांढरी, लाल म्हणजे कोअर. लाल, काळी, लाल म्हणजे त्याहून मोठी कमांड. मधलं चित्र सांगतं की कोअर कोणती. तेजपूरच्या चौथ्या कोअरचा हत्ती, भोपाळच्या एकविसाव्याचं सुदर्शन चक्र, श्रीनगरच्या पंधराव्याचं चिनारचं पान. काश्मीरच्या खोऱ्यात शरद ऋतूत हे पान लालभडक होतं म्हणतात.

आता मुख्य गोष्ट. १९९९ च्या कारगिल युद्धानंतर लडाखसाठी वेगळी चौदावी कोअर उभी राहिली. त्याआधी लेह आणि कारगिलची जबाबदारीही याच पंधराव्या कोअरकडे होती. ‘‘चौऱ्याहत्तर साली तुमचे मालक एएससीचे ड्रायव्हर आणि बाहीवर चिनार,’’ सुभेदार आत्यांना म्हणाले, ‘‘म्हणजे वहिनी, ते श्रीनगरहून सोनमर्ग, झोजी ला, द्रास, कारगिल करत लेहच्या रस्त्याला असायची फार शक्यता आहे. साडेअकरा हजार फुटांवरची खिंड आहे झोजी ला. हिवाळ्यात रस्ता बंद. जे काय रेशन, रॉकेल वर न्यायचं ते उन्हाळ्याच्या चार-पाच महिन्यांत. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि एकामागे एक गाड्यांचा ताफा.’’

आत्या ऐकत होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, ‘‘म्हणून हिकडं आल्यावर घाटात गाडी कधी जोरात न्हाई न्हेली. मला वाटायचं, भेतात.’’

मग त्यांना आणखी एक आठवलं. लिलावातून गाडी आणली त्या दिवशी त्यांनी मामांना विचारलं होतं की एवढ्या गाड्यांतून हीच का घेतली, दुसऱ्या बऱ्या नव्हत्या का. मामा म्हणाले होते, ‘‘ही वळखीची हाय.’’ आत्यांना तेव्हा त्याचा अर्थ लागला नव्हता. लिलावाआधी गाडीवरची चिन्हं पुसतात. पण काळ्या रंगाच्या एका हाताखालून ते पान मामांना दिसलं असेल का? आता कोणाला विचारणार!

गाडी कोणाची करायची?

एवढं कळल्यावर घरात नवाच वाद सुरू झाला. पुतण्या म्हणाला, ‘‘आपण गाडी फुल्ल आर्मी करू. हिरवा रंग, फाळक्यावर हे एवढं मोठं पान, बॉनेटवर तलवारी!’’ पोरांना ते आवडतं, त्यात नवल नाही.

पण तसं करता येत नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे लष्कराचा तो ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना देता येतो. आपण सैनिक आहोत असं भासवण्यासाठी लष्करी पोशाख किंवा खुणा वापरणं हाही गुन्हा आहे. सुभेदार तर सरळच म्हणाले, ‘‘मी पेन्शनीत आल्यावर माझ्या मोटरसायकलवरही लावलं नाही.’’

मग रंग कोणता? माझ्या डोक्यात होतं की गाडी दुरुस्त करायची म्हणजे पहिल्यासारखी करायची. पण पहिल्यासारखी म्हणजे कधीसारखी? १९७७ सारखी? त्या वेळी ती आमची नव्हतीच. तेरा वर्षं ती लष्करात होती आणि पंचवीस वर्षं आमच्या दारात. ज्या गाडीने बायकांना दवाखान्यात नेलं ती हिरवी नव्हती, करडी-निळसर होती. आणि तो रंग कोणी निवडला होता? आत्यांनी! १९९० मध्ये मामांनी रंगाचं कार्ड त्यांच्यापुढे धरलं होतं. ‘‘मळखाऊ बघून दिला,’’ आत्या म्हणाल्या.

लेकीने जुन्या रंगाची खपली नेऊन दुकानात जुळवून आणली. सगळ्या पत्र्याला रेड ऑक्साइड मारला, लांबी भरली, घासली. राहिला प्रश्न फाळक्यावरच्या पानाचा. मला ते ठेवायचं होतं. वर स्वच्छ वार्निश मारून तेवढा चौकोन उघडा ठेवू, असं माझ्या मनात होतं. मी आत्यांना विचारलं.

त्या म्हणाल्या, ‘‘ते त्येंच्या बाहीवर व्हतं. त्येंनी ते रंगाखाली ठिवलं, उगं न्हाई. तू फोटू काढ आन् झाक.’’

तेवढ्या चौकोनाला आम्ही रेड ऑक्साइड लावला नाही. गंज हलक्या हाताने काढला, वार्निशचे दोन हात दिले आणि मग वरून करडा रंग. उद्या कोणी घासलं तर ते पान पुन्हा दिसेल. कापडी तुकडा मात्र मी पांढऱ्या सुती कापडावर चार सैल टाक्यांनी बसवून काचेत घातला. जुन्या निळ्या टाक्यांना हात लावला नाही.

सगळं मिळून चौदा महिने लागले. खर्च झाला दोन लाख दहा हजार, भावजींचा वाटा सोडून. ही रक्कम लहान नाही. ती हप्त्या-हप्त्याने, लग्नसराईच्या दोन हंगामांत उभी केली. बॅटरी भावजींनी आणून दिली. त्यांच्या दुसऱ्या बोअरला पाणी लागलं होतं. ‘‘वैनी, बॅटरी माझ्याकडनं,’’ एवढंच म्हणाले. आता गाडी महिन्यातून दोनदा निघते. पेट्रोलचा भाव बघता त्याहून जास्त परवडत नाही. आत्या पुढे बसतात आणि घाट आला की यजमानांना सांगतात, ‘‘हळू. तुझा बा हळू चालवायचा.’’

तुमच्या ट्रंकेत काय आहे?

मैत्रिणींनो, सगळ्यांकडे वन टन नसते. पण आपल्या भागात अशा ट्रंका घरोघरी आहेत. वडिलांची, सासऱ्यांची, नाहीतर पणजोबांची पदकं, टोपीवरचा बिल्ला, फीत, कापडी चिन्ह, जुनं डिस्चार्ज बुक. दिवाळीच्या साफसफाईत यांतलं बरंच काही भांड्यांवर जातं नाहीतर बोहारणीला जातं. म्हणून अनुभवातून आलेल्या चार गोष्टी सांगते.

पितळी बिल्ला किंवा पदक चिंच-मिठाने घासू नका. चकाकतं, पण त्यावरची बारीक अक्षरं झिजतात. पदकाच्या कडेवर बऱ्याचदा शिपायाचा नंबर आणि नाव कोरलेलं असतं, ते भिंगातून पाहा आणि वहीत लिहून ठेवा. सुती मऊ कापडाने पुसलं तरी पुरतं.

कापडी चिन्ह धुऊ नका, इस्त्री करू नका. लाल रंग पांढऱ्यावर उतरतो. डांबरगोळी थेट कापडाला लागू देऊ नका. जुन्या सुती धोतराच्या तुकड्यात गुंडाळून ठेवा आणि वर्षातून एकदा सावलीत वारा द्या. शिलाई उसवली असेल तर तशीच राहू द्या. ती कोणीतरी घातलेली असते.

डिस्चार्ज बुक म्हणजे खजिना समजा. त्यात नंबर, युनिट, भरतीची आणि निवृत्तीची तारीख असते. पेन्शनचं किंवा सवलतीचं काही अडलं असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ते घेऊन जा. माजी सैनिकांच्या विधवांसाठीची कामं तिथं होतात, आणि कागद हातात असला की निम्मं काम सोपं होतं.

आणि घरातलं माणूस हयात असेल तर आजच विचारा. ‘लढाईत काय केलंत?’ असं विचारलं तर ते गप्प बसतील. त्याऐवजी बिल्ला हातात द्या आणि विचारा, ‘‘हे कुठं असताना मिळालं? तिथं थंडी किती असायची? जेवायला काय असायचं?’’ उत्तर तुमच्या मुलांना लिहून घ्यायला सांगा. आमच्या आत्यांना आता पंचाहत्तरी उलटल्यावर कळलं की १९७४ मध्ये आपण काय शिवलं होतं. तुमच्या घरात तरी एवढा उशीर व्हायला नको.